परदेशांतील शिक्षण, महामारीचा काळ आणि कामाचा परवाना

विद्यार्जनासाठीं समुद्र ओलांडणें ही गोष्ट महाराष्ट्रास नवी नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांतून १८८६ सालीं डॉक्टर झाल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं बडोदें संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. त्या काळीं परदेशीं जाणाऱ्याचा संकल्प साधा असे. विद्या संपादावी, ती घेऊन स्वदेशीं यावें आणि येथें तिचा उपयोग करावा. आज या संकल्पांत आणखी एक कलम शिरलें आहे. शिक्षण पुरें झाल्यावर त्याच देशांत कांहीं वर्षें नोकरी करण्याची मुभा मिळेल काय, हा प्रश्न आतां पुष्कळ घरांत महाविद्यालयाच्या नांवाच्याही आधीं विचारला जातो.

हा प्रश्न विचारणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. ज्या घरांत शेत किंवा राहतें घर गहाण ठेवून मुलाची फी भरली जाते, त्या घरानें परतफेडीचा विचार आधीं करावा हें योग्यच आहे. परंतु ज्या मुभेवर एवढा मोठा हिशेब उभा राहतो, ती मुभा कोणत्या नियमांनीं मिळते आणि तो नियम संकटकाळीं कसा वागतो, याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. २०२० सालीं आलेल्या कोविडच्या साथीनें या नियमांची कसोटी घेतली. त्या कसोटींत काय दिसलें आणि त्यांतून आपण कोणता बोध घ्यावा, हें आमच्या विद्यार्थिवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, असा आमचा हेतु आहे.

उदाहरणादाखल कॅनडा हा एकच देश घेऊं. २०१९ च्या अखेरीस त्या देशांत परदेशी विद्यार्थ्यांची संख्या सहा लाखांहून अधिक होती आणि त्यांत सर्वांत मोठा गट भारतीय विद्यार्थ्यांचा होता. साथीच्या आरंभीं तेथील नियम असा होता: सरकारनें मान्य केलेल्या संस्थेंत निदान ८ महिन्यांचा अभ्यासक्रम जो पूर्ण वेळ शिकून पुरा करील, त्यास पदवीनंतर कामाचा परवाना मिळे. अभ्यासक्रम दोन वर्षांहून कमी असला, तर जितका काळ अभ्यासक्रमाचा तितकाच परवान्याचा. तो दोन वर्षांचा किंवा अधिक असला, तर परवाना तीन वर्षांपर्यंत. अभ्यासक्रम पुरा झाल्याचें लेखी कळल्यापासून १८० दिवसांच्या आंत अर्ज करावा लागे. हा परवाना जन्मांत एकदांच मिळतो आणि सामान्यतः त्याची मुदत वाढवून मिळत नाहीं. शिवाय अर्ध्याहून अधिक अभ्यास दूरशिक्षणानें केल्यास विद्यार्थी अपात्र ठरे, आणि देशाबाहेर राहून केलेला अभ्यास परवान्याची मुदत ठरवितांना वजा होई.

या मुदतीला एवढें महत्त्व कां, हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. ज्याला आपल्याकडे लोक ‘पी. आर.’ म्हणतात, त्या कायम रहिवासाच्या हक्कासाठीं पदवीधरांचा जो नेहमींचा मार्ग आहे, त्यांत एक वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा, कुशल कामाचा अनुभव लागतो. आठवड्यास ३० तासांहून अधिक तास त्यांत धरले जात नाहींत. ३० तासांचे ५२ आठवडे म्हणजे बरोबर १,५६० तास. तेव्हां ज्याचा अभ्यासक्रम एक वर्षाचा व म्हणून परवानाही एक वर्षाचा, त्याच्या हिशेबांत एका आठवड्याचीही सवड उरत नाहीं. परवाना हातीं आल्याच्या दिवसापासून घड्याळ चालूं लागतें. त्या दिवशीं नोकरी असो वा नसो, घड्याळ थांबत नाहीं.

अशा या घड्याळाच्या देशांत साथ आली. जागतिक आरोग्य संघटनेनें ११ मार्च २०२० रोजीं ही महामारी असल्याचें जाहीर केलें. दोनच दिवसांनीं महाराष्ट्र सरकारनें प्लेगच्या काळांतील १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा राज्यांत लागू केला. १८ मार्चला कॅनडानें आपलीं दारें परकीयांस बंद केलीं आणि त्याच महिन्याच्या चौथ्या आठवड्यांत भारतांतून परदेशीं जाणारीं नित्याचीं प्रवासी विमानेंही थांबलीं. विद्यार्थ्यांचे त्या वेळीं तीन वर्ग पडले. पहिला वर्ग, ज्यांचें शिक्षण नुकतेंच संपलें होतें व परवान्याचें घड्याळ सुरू झालें होतें, त्यांचा. दुसरा, जे मध्येंच अडकले होते त्यांचा. आणि तिसरा, ज्यांस प्रवेश मिळाला होता, ज्यांनीं फी भरली होती, परंतु ज्यांचें पाऊल अद्याप घराबाहेर पडलें नव्हतें, त्यांचा.

तिसऱ्या वर्गाची अडचण सर्वांत विचित्र होती. १८ मार्चपर्यंत ज्यांचा अभ्यासपरवाना मंजूर झाला होता त्यांस जाण्याची वाट किलकिली होती. ज्यांची मंजुरी एका दिवसानेंही मागें राहिली त्यांस ती बंद झाली. बोटांचे ठसे देण्याचीं केंद्रें बंद असल्यामुळें पुष्कळांचे अर्ज पुरेही होईनात. महाविद्यालयांनीं संगणकावरून वर्ग चालू केले. टोरांटोस सकाळीं नऊ वाजतां जो वर्ग भरे, तो हिवाळ्यांत आपल्याकडे सायंकाळीं साडेसात वाजतां येई. दुपारीं दोनचा वर्ग मध्यरात्रीं साडेबारास येई आणि व्हँकूव्हरचा सकाळचा वर्गही रात्रीं साडेदहाच्या आधीं सुरू होत नसे. घरांतलीं मंडळी निजल्यावर दिवा झांकून शिकणाऱ्या या मुलामुलींनीं फी मात्र पूर्ण भरली होती. नियमाचें अक्षर पाहिलें, तर त्यांचा हा सर्व अभ्यास ‘देशाबाहेरचा’ व ‘दूरशिक्षणाचा’ होता, आणि म्हणून परवान्याच्या दृष्टीनें व्यर्थ होता.

येथें कॅनडाच्या सरकारनें नियमाच्या अक्षराकडे न पाहतां त्याच्या हेतूकडे पाहिलें, ही गोष्ट आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. दूरशिक्षणास मनाई करण्याचा हेतु असा कीं, घरीं बसून नाममात्र अभ्यास करून कोणी परदेशाच्या नोकरीचा हक्क उपटूं नये. जो विद्यार्थी जाण्यास तयार आहे, ज्याचें विमान सरकारी हुकुमानेंच थांबलें आहे, त्यास हा हेतु लागू पडत नाहीं. म्हणून २०२० च्या मे महिन्यांत सरकारनें सांगितलें कीं, अर्ध्यापर्यंत अभ्यासक्रम देशाबाहेरून केला तरी चालेल आणि वर्षअखेरपर्यंतचा काळ परवान्यांतून वजा होणार नाहीं. जुलै महिन्यांत अभ्यासपरवान्यास दोन टप्प्यांनीं मंजुरी देण्याची सोय झाली. ऑगस्टमध्यें ती मुदत ३० एप्रिल २०२१ पर्यंत वाढली. २० ऑक्टोबर २०२० पासून, ज्या संस्थांची साथीविषयींची तयारी मान्य झाली होती, त्यांच्या विद्यार्थ्यांस प्रवेश मिळूं लागला. १२ फेब्रुवारी २०२१ रोजीं तर सबंध अभ्यासक्रम देशाबाहेरून पुरा केला तरी पात्रता राहील, असें जाहीर झालें. पुढें ही सवलत ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंतच्या अभ्यासास लागू राहिली.

पहिल्या वर्गाचें दुःख वेगळें होतें. त्यांच्या हातीं परवाना होता, पण नोकरी नव्हती. २०२० च्या मे महिन्यांत कॅनडांतील बेकारी शेंकडा १३.७ पर्यंत चढली होती. दुकानें, उपाहारगृहें, कचेऱ्या बंद. आणि घड्याळ मात्र चालूच. ८ जानेवारी २०२१ रोजीं सरकारनें जाहीर केलें कीं, ज्यांचा परवाना साथीच्या काळांत संपला अथवा संपत आला आहे, त्यांनीं २७ जानेवारी ते २७ जुलै या सहा महिन्यांत अर्ज करावा. त्यांस आणखी १८ महिन्यांचा खुला परवाना मिळेल. सुमारें ५२,००० पदवीधरांस याचा लाभ होऊं शकेल असा सरकारचा अंदाज होता. जन्मांत एकदांच मिळणाऱ्या वस्तूची मुदत वाढविली गेली, ही लहान गोष्ट नव्हे.

या वागणुकीस आम्ही न्याय्य म्हणतों, आणि तिला एक जुना दाखलाही देतों. डॉ. आंबेडकर १९१६ सालीं लंडनला अर्थशास्त्राच्या व कायद्याच्या अभ्यासास गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं, ऐन महायुद्धांत, त्यांस अभ्यास अर्धवट टाकून परतावें लागलें. तेव्हां लंडनच्या विद्यापीठानें त्यांस चार वर्षांच्या आंत येऊन अभ्यास पुढें चालविण्याची परवानगी दिली. त्या परवानगीच्या बळावर ते १९२० सालीं पुन्हां गेले, १९२१ सालीं एम्. एस्सी. आणि १९२३ सालीं डी. एस्सी. झाले. ती चार वर्षांची सवड मिळाली नसती तर काय झालें असतें, याचा विचार वाचकांनींच करावा. विद्यार्थ्याच्या हातीं नसलेल्या कारणानें खंड पडला, तर तो खंड त्याच्या माथीं मारूं नये, हें तत्त्व एका माणसाच्या बाबतींत जितकें खरें, तितकेंच लाखांच्या बाबतींतही खरें आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाहीं. स्वतःच्या देशांतील शेंकडा तेरा लोक बेकार असतांना परक्या मुलांच्या नोकरीची चिंता सरकारनें कां वाहावी? सरकारचें पहिलें कर्तव्य आपल्या प्रजेकडे नाहीं काय? आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. २०२० च्या एप्रिलमध्यें ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीं, जे परदेशी विद्यार्थी स्वतःचा निर्वाह करूं शकत नसतील त्यांनीं मायदेशीं परतावें, असें सांगितलें तें याच विचारानें. अमेरिकेनें ६ जुलै २०२० रोजीं तर, ज्यांचे सर्व वर्ग संगणकावरून आहेत त्या विद्यार्थ्यांनीं देश सोडावा किंवा दुसऱ्या संस्थेंत जावें, असा हुकूम काढला. हार्वर्ड विद्यापीठ व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्था न्यायालयांत गेल्या आणि आठच दिवसांत, १४ जुलैस, तो हुकूम मागें घेतला गेला.

आमचें उत्तर असें आहे. परदेशी विद्यार्थी हा आगंतुक नव्हे. त्यास आमंत्रण गेलेलें असतें. कॅनडाच्या सरकारच्याच म्हणण्याप्रमाणें साथीच्या आधीं हे विद्यार्थी त्या देशाच्या अर्थव्यवहारांत दर वर्षीं सुमारें २१ अब्ज डॉलरांची भर घालीत होते. त्यांची फी तेथील मुलांच्या फीहून पुष्कळच अधिक असते. इतकेंच नव्हे, तर २२ एप्रिल २०२० रोजीं त्याच सरकारनें, विद्यार्थ्यांनीं आठवड्यास वीस तासांहून अधिक काम करूं नये हा निर्बंध अत्यावश्यक सेवांपुरता ऑगस्टअखेर उठविला. आरोग्यसेवेंत, अन्नधान्याच्या पुरवठ्यांत जेव्हां हात कमी पडले, तेव्हां हेच हात मागितले गेले. जो संकटांत उपयोगी पडतो, त्यास संकट सरतांच परका म्हणणें हें कोणत्याही देशाच्या शिष्टाचारास शोभणारें नाहीं. उभयपक्षीं झालेल्या कराराचा एक पक्ष पुरा झाला असेल, तर दुसऱ्यानेंही आपला शब्द पाळावा. यांत भूतदया नाहीं, व्यवहार आहे.

येथवर आम्ही गुण गायिले. आतां दोषही सांगितला पाहिजे, कारण तो दोषच पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. सवलती मिळाल्या खऱ्या, पण त्या तुकड्या-तुकड्यांनीं मिळाल्या. मे महिन्यांत एक, ऑगस्टमध्यें दुसरी, फेब्रुवारींत तिसरी. प्रत्येक वेळीं नवी तारीख आणि नव्या अटी. २०२० च्या मे महिन्यांत ज्या विद्यार्थ्यास सप्टेंबरच्या प्रवेशाचा निर्णय घ्यावयाचा होता, त्यास इतकेंच ठाऊक होतें कीं अर्धा अभ्यासक्रम घरून चालेल आणि वर्षअखेरनंतरचें कांहीं निश्चित नाहीं. तो सावध असेल, तर त्यानें प्रवेश पुढें ढकलला आणि एक वर्ष गमावलें. जो बेफिकीर होता, त्यानें फी भरून दैवावर हवाला ठेविला आणि फेब्रुवारी २०२१ मध्यें त्यास कळलें कीं सबंध अभ्यासक्रमही घरून चालेल. म्हणजे नियमानें दूरदर्शीपणास दंड केला आणि साहसास बक्षीस दिलें. दया उशिरां आली, तर ती ज्यास सर्वांत आधीं हवी होती त्याच्या हातीं पडत नाहीं.

दारें उघडण्याच्या बाबतींतही हेंच झालें. २२ एप्रिल २०२१ रोजीं भारतांतून येणारीं थेट विमानें कॅनडानें बंद केलीं, तीं सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हां सुरू झालीं. मध्यंतरीं ज्यांचे वर्ग भरणार होते, ते तिसऱ्याच कोणत्या देशांत जाऊन, तेथें रोगाची तपासणी करून, पुष्कळ अधिक खर्च सोसून पोहोंचले. ज्यांची ऐपत नव्हती ते मागें राहिले. नियम सर्वांस एकच होता. पण त्याचा भार सर्वांस सारखा पडला नाहीं.

पदवीधरांच्या बाबतींत तर नियमांची चढउतार मती गुंग करणारी होती. १३ फेब्रुवारी २०२१ रोजीं सरकारनें एकाच दिवशीं २७,३३२ जणांस कायम रहिवासाच्या अर्जाचें आमंत्रण दिलें आणि त्यासाठीं लागणारे गुण ७५ इतके खालीं आणले. मे महिन्यांत परदेशी पदवीधरांसाठीं ४०,००० जागांचा एक विशेष मार्ग उघडला. तो सुमारें एका दिवसांतच भरून गेला. परंतु सप्टेंबर २०२१ नंतर पदवीधरांच्या नेहमींच्या मार्गाचीं आमंत्रणेंच थांबलीं, तीं ६ जुलै २०२२ पर्यंत सुरू झालीं नाहींत. या काळांत ज्यांचे परवाने संपले, ते गुणवान असूनही दारांतच उभे राहिले. मग सरकारनें २०२२ व २०२३ सालीं पुन्हां अठरा-अठरा महिन्यांच्या वाढी दिल्या आणि २०२३ च्या डिसेंबरांत, आतां यापुढें वाढ नाहीं, असें सांगून टाकलें. फेब्रुवारींत आलेला आणि ऑक्टोबरांत आलेला, या दोघांच्या लायकीत अंतर नव्हतें. अंतर होतें तें केवळ तारखेंत.

यावरून आमचें मत असें बनलें आहे कीं, अशा नियमांच्या बाबतींत सरकारांनीं दोन गोष्टी पाळाव्या. पहिली: सवलत द्यावयाची असेल तर ती फी भरण्याच्या आधीं, पुरेशा मुदतीची आणि एका शब्दानें द्यावी. दुसरी: विद्यार्थी ज्या नियमाखालीं घरून निघाला, त्याच नियमाखालीं त्याचा हिशेब पुरा करावा. नवा नियम करण्याचा अधिकार प्रत्येक देशास आहे. पण तो पुढें येणाऱ्यांस लागू करावा, वाटेंत असलेल्यांस नव्हे. हें अशक्य नाहीं. १ नोव्हेंबर २०२४ पासून कॅनडानें या परवान्यास दोन नव्या अटी जोडल्या. त्यांपैकीं, अभ्यासाचा विषय विशिष्ट यादींतील असावा ही अट ज्यांनीं त्या तारखेपासून अभ्यासपरवान्यासाठीं अर्ज केला त्यांनाच लावली. वाटेंत असलेल्यांस वगळलें. हें योग्य झालें. परंतु भाषेच्या परीक्षेची अट मात्र त्या तारखेनंतर परवाना मागणाऱ्या सर्वांस लावली, मग ते शिकावयास केव्हांही आलेले असोत. एकाच दिवशीं, एकाच खात्यानें, एका अटींत हें तत्त्व पाळलें आणि दुसरींत सोडलें. भाषा यावी ही अपेक्षा रास्तच आहे. प्रश्न आहे तो ती केव्हां सांगितली याचा.

सरकारांविषयीं हें झालें. पण कॅनडाचें सरकार आमचा हा लेख वाचून धोरण बदलील, अशी आमची कल्पना नाहीं. आमचे वाचक येथील पालक व विद्यार्थी आहेत, आणि त्यांच्या हातीं जें आहे तें सांगणें हें आमचें मुख्य कर्तव्य होय.

पालकांस आमची पहिली विनंति अशी कीं, कामाचा परवाना हा हक्क नसून धोरण आहे, हें पक्कें समजून चालावें. तो महामारींत सैल झाला तसा महामारीनंतर आवळलाही गेला. १ सप्टेंबर २०२३ पासून देशाबाहेरील अभ्यासाची सवलत संपली. २०२४ सालीं नव्या विद्यार्थ्यांच्या संख्येवरच मर्यादा आली. म्हणून खर्चाचा हिशेब दोनदां मांडावा: एकदां परवाना मिळेल असें धरून आणि एकदां मिळणार नाहीं असें धरून. दुसऱ्या हिशेबांत घरादारावर गदा येत असेल, तर तें कर्ज काढूं नये. दुसरी वाट शोधावी. मुलास परदेशीं पाठविणें ही प्रतिष्ठेची गोष्ट नव्हे. तो परतला तर मान खालीं घालण्याचेंही कारण नाहीं. आनंदीबाई व बाबासाहेब हे परतले म्हणून कोणी त्यांस अपयशी म्हटलें नाहीं.

दुसरी विनंति मध्यस्थांविषयीं आहे. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटांत प्रामाणिक माणसें आहेत. पण एजंटास त्याचें वेतन बहुधा प्रवेशाबद्दल मिळतें, परवान्याबद्दल नव्हे. ‘परवाना नक्की मिळतो’ असें जो म्हणेल, त्यास कोणत्या नियमानें व कोणत्या तारखेपर्यंत, इतकें विचारावें. संस्था मान्य आहे काय, आणि ज्या अभ्यासक्रमांत मुलगा जात आहे तो अभ्यासक्रमही परवान्यास पात्र आहे काय, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. दोहोंचीं उत्तरें त्या देशाच्या सरकारी खात्याच्याच प्रकाशनांत पाहावीं. शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबूं नये. शेजाऱ्याचा मुलगा गेला त्या वर्षींचा नियम यंदां जिवंत असेलच असें नाहीं.

आतां विद्यार्थ्यांस दोन शब्द. परदेशचा नियम इंग्रजींत असतो, रुक्ष असतो, आणि तो वाचण्याचा कंटाळा येतो. म्हणून तो वडिलांवर अगर एजंटावर सोंपवूं नका. ज्यास भूमितीचें प्रमेय समजतें, त्यास हा नियमही समजेल. ‘जर’ कोठें आहे, ‘तर’ कोठें आहे, तारीख कोणती, अपवाद कोणास, इतकें शोधावयास शिका. साथीच्या काळांत ज्यांनीं १८० दिवसांची मुदत ध्यानांत ठेविली, गुणपत्रिका व पत्रें जपून ठेविलीं, प्रत्येक सत्रांतील हजेरीचा पुरावा जवळ ठेविला, त्यांस सवलतीचा लाभ घेणें सुलभ झालें. पुष्कळदां संकटांत माणसास जें तारतें, तें असें वेळेवर सांभाळलेलें साधें कागदपत्र असतें.

आणि शेवटचें, परंतु आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें. विषय निवडतांना प्रथम असें विचारा कीं, उद्यां परवाना मिळाला नाहीं तरी हें ज्ञान मला उपयोगी पडेल काय? ज्यास या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असें देतां येईल, त्यानें खुशाल जावें. त्याचें घड्याळ कोणी मागें-पुढें केलें, तरी त्याच्या विद्येंतून एक दिवसही वजा होणार नाहीं. ज्याचें उत्तर ‘नाहीं’ असेल, तो शिकावयास जात नसून परवाना विकत घ्यावयास जात आहे, आणि ज्या मालाची किंमत विकणाराच वाटेल तेव्हां बदलूं शकतो, तो माल घरदार गहाण ठेवून घेणें शहाणपणाचें नाहीं.

मध्यरात्रीं उशापाशीं दिवा ठेवून परदेशचे वर्ग ऐकणाऱ्या त्या मुलामुलींचें आम्हांस कौतुक वाटतें. साथीनें त्यांचें विमान अडविलें, पण अभ्यास अडविला नाहीं. त्यांच्या श्रमांची मोजदाद करण्याइतकें औदार्य एका दूरच्या सरकारनें दाखविलें, हें त्या सरकारास भूषणावह होय; आणि ती मोजदाद वेळेवर व एकसारखी झाली नाहीं, हें पुढील संकटापूर्वीं सुधारण्याजोगें होय. संकटें पुन्हां येतील. नियमही पुन्हां बदलतील. त्या दिवसासाठीं आमच्या विद्यार्थ्यांनीं पक्की विद्या, स्वच्छ हिशेब आणि स्वतः वाचून समजून घेतलेला नियम, एवढी शिदोरी बांधून निघावें, अशी आमची इच्छा आहे.